डब्यावरचे ६५ वॉट आणि पोर्टवरचे वॉट : तीन पोर्टच्या गॅन चार्जरचे परीक्षण

लॅपटॉप, दोन फोन, टॅब्लेट, इअरबड्स, ट्रिमर आणि रास्पबेरी पाय (तळहाताएवढा छोटा संगणक) यांच्यासाठी वेगवेगळे अडॅप्टर ज्या घरात एक्स्टेन्शन बोर्डवर दाटीवाटीने बसलेले असतात, तिथे ‘६५ वॉट, तीन पोर्ट, सगळ्यांना एकच चार्जर’ ही जाहिरात मोहात पाडते. हे परीक्षण अशाच एका चार्जरचे आहे. त्याला दोन टाईप-सी आणि एक टाईप-ए (जुने, रुंद यूएसबी) पोर्ट आहे, तो ‘गॅन’ म्हणजे गॅलियम नायट्राइड तंत्राचा आहे आणि ऑनलाइन बाजारात दोन हजार रुपयांच्या आत-बाहेर मिळतो. कंपनीचे नाव मी मुद्दाम दिलेले नाही, कारण पुढे मांडलेल्या बहुतेक अडचणी या किमतीच्या आणि या रचनेच्या इतर चार्जरनाही लागू आहेत. वाचकाने नावापेक्षा चार्जरच्या अंगावर बारीक अक्षरांत छापलेल्या तक्त्याकडे पाहावे, असे मला वाटते.

आधी चांगले सांगतो. एकटा लॅपटॉप पहिल्या टाईप-सी पोर्टला जोडला, तर हा चार्जर २० व्होल्टवर ३.२५ अँपिअर, म्हणजे पुरते ६५ वॉट देतो आणि लॅपटॉपसोबत आलेल्या जाडजूड अडॅप्टरची उणीव भासू देत नाही. गॅनचे ट्रान्झिस्टर सिलिकॉनच्या ट्रान्झिस्टरपेक्षा पुष्कळ जास्त वेगाने चालू-बंद होतात, त्यामुळे आतला ट्रान्सफॉर्मर लहान ठेवता येतो आणि चार्जर मुठीत मावतो. तासभर पूर्ण भार घेतल्यावर तो हाताला चांगलाच गरम लागतो, पण चटका बसत नाही, आणि त्याचा कोणताही आवाज येत नाही. प्रवासाला जाताना एकच लॅपटॉप किंवा एकच फोन सोबत असेल, तर या वस्तूबद्दल माझी काहीही तक्रार नाही.

पण हे ६५ वॉट मिळवण्यासाठी एक अट आहे आणि ती डब्यावर कुठेही लिहिलेली नाही. टाईप-सीच्या साध्या केबलला ३ अँपिअरची मर्यादा असते. त्याहून जास्त प्रवाह वाहून नेणाऱ्या केबलच्या टोकात ‘ई-मार्कर’ नावाची छोटी चिप असावी लागते, आणि आपण ५ अँपिअर पेलू शकतो असे ती चिप चार्जरला सांगते. चिप सापडली नाही, तर नियम पाळणारा चार्जर ३ अँपिअरवरच थांबतो, म्हणजे २० व्होल्टवर ६० वॉट. साध्या केबलवर या चार्जरने नेमके हेच केले आणि ते बरोबरच आहे. मात्र ६५ वॉटचा चार्जर केबलशिवाय विकायचा आणि कोणती केबल घ्यावी याचा उल्लेखही करायचा नाही, हे ग्राहकाला अंधारात ठेवणे आहे. दुकानात केबल घेताना ‘फास्ट चार्जिंग’ या शब्दांवर भिस्त ठेवू नये. केबलवर १०० वॉट, २४० वॉट किंवा ५ अँपिअर असे स्पष्ट लिहिलेले पाहूनच ती घ्यावी. शिवाय वॉट जास्त म्हणजे डेटाही वेगाने जाईल, असे नसते. १०० वॉटच्या कित्येक केबली डेटा मात्र यूएसबी २.० च्या वेगानेच, म्हणजे सेकंदाला ४८० मेगाबिटने, नेतात.

आता मुख्य अडचणीकडे येऊ, ती म्हणजे वाटणी. दोन्ही टाईप-सी पोर्ट वापरात आले की पहिल्याला ४५ आणि दुसऱ्याला २० वॉट मिळतात, आणि टाईप-ए सुद्धा वापरले तर दुसरे टाईप-सी आणि टाईप-ए मिळून ५ व्होल्टवर १५ वॉटमध्ये भागवतात. अशी वाटणी असणे स्वाभाविक आहे, आक्षेप तिच्या पद्धतीला आहे. कोणत्या उपकरणाला किती वीज हवी हे हा चार्जर पाहत नाही, फक्त काहीतरी जोडले आहे एवढेच पाहतो. दोन-तीन वॉटवर भागणारी इअरबड्सची डबी दुसऱ्या पोर्टला लावली की लॅपटॉपचे ६५ वॉट तत्काळ ४५ वर येतात आणि उरलेले वॉट कोणाच्याच उपयोगी पडत नाहीत. त्याच वेळी लॅपटॉपवर व्हिडिओ संकलनासारखे जड काम चालू असेल, तर चार्जर लावलेला असूनही बॅटरी हळूहळू उतरू लागते आणि ‘कमी क्षमतेचा चार्जर’ अशी सूचना पडद्यावर येते. गरजेनुसार वाटणी बदलणारे चार्जर बाजारात आहेत. ते काहीसे महाग असले, तरी लॅपटॉपवर पोट असणाऱ्याने तेच घ्यावेत.

याहून जास्त त्रास वाटणी बदलण्याच्या क्षणाचा होतो. कोणत्याही पोर्टला काही जोडले किंवा त्यातून काढले की हा चार्जर सर्व पोर्टचा पुरवठा क्षणभर तोडतो आणि प्रत्येक उपकरणाशी नव्याने बोलणी करून व्होल्टेज पुन्हा ठरवतो. ज्या उपकरणात स्वतःची बॅटरी आहे त्याला याचे काही वाटत नाही. फोनच्या पडद्यावर चार्जिंगची खूण एकदा जाऊन परत येते, एवढेच. रास्पबेरी पायला मात्र बॅटरी नसते. आमच्याकडे घरच्या फाइली साठवण्यासाठी रास्पबेरी पाय ४ अखंड चालू असतो आणि त्याला बाहेरची हार्ड डिस्क जोडलेली आहे. शेजारच्या पोर्टमधून फोन काढला की तो बंद पडून पुन्हा सुरू होतो, आणि त्या वेळी डिस्कवर किंवा एसडी कार्डवर काही लिहिले जात असेल, तर फाइल खराब होण्याची भीती असते. तिन्ही पोर्ट एकदम वापरले तर ५ व्होल्टचा पुरवठाही खाली येतो. तो ४.६३ व्होल्टच्या खाली गेला की रास्पबेरी पाय पडद्याच्या कोपऱ्यात विजेची पिवळी खूण दाखवतो, आणि फोन टाईप-एवर चार्ज होत असताना ती खूण मला वारंवार दिसली. राउटर, रास्पबेरी पाय, कॅमेरा अशी सतत चालणारी, बिनबॅटरीची उपकरणे अनेक पोर्टच्या चार्जरवर लावूच नयेत. त्यांना स्वतंत्र अडॅप्टर द्यावा, असे मी आग्रहाने सांगेन. रास्पबेरी पाय ५ च्या बाबतीत तर प्रश्नच येत नाही, कारण त्याला पूर्ण क्षमतेसाठी ५ व्होल्टवर ५ अँपिअर हवे असतात आणि असा पुरवठा सर्वसाधारण चार्जर देतच नाहीत. ३ अँपिअरवर तो चालतो, पण यूएसबीला जोडलेल्या सर्व उपकरणांना मिळून ६०० मिलिअँपिअरच देतो.

फोनच्या चार्जिंगचा वेगही पोर्टवर अवलंबून आहे. सॅमसंगच्या ज्या फोनांत २५ वॉटचे चार्जिंग आहे, त्यांना ‘पीपीएस’ लागते, म्हणजे चार्जरने व्होल्टेज ठरावीक पायऱ्यांऐवजी बारीक बारीक टप्प्यांनी बदलत द्यावे लागते. या चार्जरच्या पहिल्या टाईप-सी पोर्टवर पीपीएस आहे, दुसऱ्यावर नाही. त्यामुळे तोच फोन त्याच केबलने पहिल्या पोर्टवर ‘सुपर फास्ट चार्जिंग’ दाखवतो आणि दुसऱ्यावर नुसते ‘फास्ट चार्जिंग’. डब्यावर ‘पीपीएस’ हे शब्द ठळक आहेत, ते कोणत्या पोर्टवर आहे हे मात्र नाही. ओप्पो, वनप्लस आणि रियलमीच्या ‘व्हूक’ घराण्यातल्या पद्धतींचा प्रकार आणखी वेगळा आहे. तिथे ८० वॉटचा चार्जर ११ व्होल्टवर ७.३ अँपिअर देतो, आणि एवढा प्रवाह टाईप-सीच्या ५ अँपिअरच्या मर्यादेत बसत नाही. म्हणून डब्यावर ६५ लिहिलेले असो की १००, असा फोन या चार्जरवर आपल्या मूळ चार्जरच्या वेगाने भरणार नाही. त्याच्यासाठी मूळ चार्जर आणि मूळ केबल सांभाळून ठेवावी. युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४ पासून फोनसाठी टाईप-सी बंधनकारक केले, आणि जलद चार्जिंगची स्वतःची पद्धत ठेवणाऱ्या उपकरणानेही ‘पॉवर डिलिव्हरी’ला, म्हणजे टाईप-सीवरून वीज देण्याच्या सर्वांसाठीच्या समान पद्धतीला, पूर्ण साथ द्यावी अशी अट घातली. या अटीचा फायदा आपल्याकडच्या ग्राहकालाही हळूहळू व्हावा.

एका बाबतीत चार्जरवर विनाकारण ठपका येतो. ट्रिमर, मानेचा पंखा, छोटी विजेरी, ब्लूटूथ स्पीकर अशा स्वस्त वस्तू टाईप-सी ते टाईप-सी केबलने जोडल्या, तर अनेकदा चार्जच होत नाहीत, आणि लोक चार्जर खराब म्हणून परत पाठवतात. जुन्या टाईप-ए पोर्टवर ५ व्होल्ट कायम असतात. टाईप-सीवर मात्र समोरच्या वस्तूत ५.१ किलो-ओहमचा रेझिस्टर सापडेपर्यंत काहीच व्होल्टेज येत नाही. पैसे वाचवण्यासाठी निर्माते नेमका तोच रेझिस्टर गाळतात. अशी वस्तू टाईप-ए ते टाईप-सी केबलने व्यवस्थित भरते, आणि म्हणूनच या चार्जरवर एक टाईप-ए पोर्ट ठेवले आहे ते मला मोलाचे वाटते. ही चूक फक्त स्वस्त मालातच होते असेही नाही. २०१९ मध्ये रास्पबेरी पाय ४ बाजारात आला तेव्हा त्याच्या पहिल्या आवृत्तीत दोन्ही सीसी पिनांना (काय जोडले आहे हे चार्जरला याच पिनांवरून कळते) मिळून एकच रेझिस्टर दिलेला होता, त्यामुळे ई-मार्करवाल्या केबलने जोडल्यावर चार्जर त्याला हेडफोनचे उपकरण समजून वीजच देत नसे. पुढच्या आवृत्तीत ते दुरुस्त झाले. बिनदर्जाच्या केबलने तर उपकरणही जाऊ शकते. गूगलमधील अभियंता बेन्सन ल्युंग स्वतः केबली तपासून त्यांचे निष्कर्ष जाहीर करत असत. २०१६ मध्ये आतल्या तारा उलट जोडलेल्या एका केबलने त्यांचा लॅपटॉपच निकामी केला, आणि त्यानंतर काही आठवड्यांत अॅमेझॉनने मानकात न बसणाऱ्या टाईप-सी केबली विकण्यास मनाई केली.

वीज गेल्यावर पॉवर बँकेवर राउटर चालवण्याचा प्रयत्न पुष्कळ लोक करतात. त्यासाठी ‘ट्रिगर केबल’ मिळते. तिच्या एका टोकाला टाईप-सी आणि दुसऱ्या टोकाला राउटरची गोल पिन असते, आणि आतली चिप पॉवर बँकेकडे किंवा चार्जरकडे १२ व्होल्ट मागते. अडचण अशी की पॉवर डिलिव्हरीच्या सध्याच्या नियमांत १०० वॉटपर्यंत ५, ९, १५ आणि २० याच व्होल्टेजच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत, १२ व्होल्ट देणे बंधनकारक नाही. या चार्जरच्या तक्त्यात १२ व्होल्ट पहिल्या पोर्टवर आहे, दुसऱ्यावर नाही. दुसऱ्या पोर्टला ट्रिगर केबल लावली की ती ९ व्होल्टवर समाधान मानते. राउटरचे दिवे लागतात, पण वाय-फाय थोड्या थोड्या वेळाने तुटत राहते, आणि माणूस इंटरनेट कंपनीला फोन लावत बसतो. वॉटचा आकडा कितीही मोठा असला तरी इथे उपयोगाचा नाही. चार्जरच्या किंवा पॉवर बँकेच्या अंगावर १२ व्होल्ट छापलेले आहे का, एवढेच पाहायचे. गोल पिनही नीट तपासावी, कारण ५.५ मिलिमीटरच्या पिनेचे आतले छिद्र २.१ किंवा २.५ मिलिमीटरचे असते आणि चुकीची पिन ढिली बसते किंवा आत जातच नाही. २० व्होल्ट मागणारी ट्रिगर केबलही दिसायला अगदी हीच असते, आणि ती चुकून राउटरला लागली तर राउटर जळेल. म्हणून घरात अशा दोन केबली असतील, तर प्रत्येकीला व्होल्टेजची चिठ्ठी चिकटवावी.

चार्जरची भिंतीकडची बाजू मला सर्वांत कमी आवडली. त्याला ४ मिलिमीटर जाडीच्या दोन पिना आहेत, आणि आपल्याकडची नेहमीची सॉकेटे ५ मिलिमीटरच्या जाड पिनांसाठी बनवलेली असतात. हलका चार्जर कसाबसा टिकतो, पण हा जड आहे. केबलीच्या ओढीने तो खाली झुकतो, पिना ढिल्या होतात, आतून चरचर आवाज येतो आणि कधी ठिणगी दिसते. तसा आवाज आला तर बटण बंद करून चार्जर काढावा आणि ज्या सॉकेटात तो घट्ट बसतो तिथेच लावावा. दोनच पिना असल्यामुळे अर्थिंगही नाही. धातूच्या अंगाचा लॅपटॉप चार्ज होताना त्यावरून हलकेच हात फिरवला तर झिणझिण्या जाणवतात, त्याचे कारण हेच आहे. चार्जरच्या आतल्या कपॅसिटरमधून येणारा हा प्रवाह अत्यल्प असतो आणि सुरक्षा मानकाने त्याला मर्यादा घातलेली आहे. तरीही भारतात विकल्या जाणाऱ्या ६५ वॉटच्या चार्जरला जाड आणि अर्थिंगसह तीन पिना असायला हव्यात, असे माझे ठाम मत आहे.

चार्जरवर भारतीय मानक ब्यूरोची खूण आणि ‘आर’ अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे. तो ‘बीआयएस केअर’ अॅपमध्ये घातल्यावर निर्मात्याचे नाव आले आणि ते डब्यावरच्या नावाशी जुळले. हे तपासायला मिनिटही लागत नाही, आणि परतीची मुदत संपण्याच्या आत ते करून घ्यावे. नाव जुळले नाही किंवा क्रमांक सापडलाच नाही, तर वस्तू चालत असली तरी परत करावी.

घरात एक लॅपटॉप आणि एक फोन असेल, दोन्ही पॉवर डिलिव्हरी मानणारे असतील आणि लॅपटॉपला ४५ वॉट पुरत असतील, तर ५ अँपिअरच्या केबलचे तीन-चारशे रुपये हिशेबात धरून हा चार्जर जरूर घ्यावा. पाचपैकी साडेतीन गुण मी त्याला देतो. वाटणीचा तक्ता डब्याच्या दर्शनी बाजूला, वाचता येईल अशा अक्षरांत आणि पीपीएस व १२ व्होल्ट कोणत्या पोर्टवर आहे यासह छापावा, असे मी कंपनीला लेखी कळवले आहे.