हळदीचा प्रबंध आणि लाटेक: नवशिक्याचे परीक्षण

शिजवलेली हळकुंडे वाळताना त्यांतील ओलावा कोणत्या गतीने घटतो, हा माझ्या प्रबंधाचा विषय. सांगलीत राहून या विषयासाठी वेगळे कारण शोधावे लागत नाही. तिसऱ्या प्रकरणात मध्येच एक समीकरण वाढवावे लागले आणि पुढच्या सर्व समीकरणांचे क्रमांक व मजकुरातील त्यांचे उल्लेख हाताने बदलण्यात माझ्या दोन रात्री गेल्या. (नेहमीच्या वर्ड प्रोसेसरमध्येही हे आपोआप करता येते, मला ते ठाऊक नव्हते.) त्यानंतर मी लाटेक (LaTeX) हे अक्षरजुळणीचे सॉफ्टवेअर शिकायला घेतले. त्यात मजकूर आणि मांडणीच्या आज्ञा एका साध्या फाइलीत टंकायच्या असतात, आणि ती फाइल चालवली की छापण्याजोगी पाने तयार होतात.

संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनूथ यांनी स्वतःच्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते पाहून, ती अक्षरजुळणी न रुचल्याने, १९७७ मध्ये 'टेक' ही प्रणाली रचायला घेतली आणि तिच्यावर लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८० च्या दशकात लाटेक उभारले. सॉफ्टवेअर विनामूल्य आहे. ओळ कोठे तोडायची हे ते एकेका ओळीपुरते न ठरवता संपूर्ण परिच्छेद विचारात घेऊन ठरवते, त्यामुळे शब्दांमधील अंतर एकसारखे दिसते. छापील पान हाती घेतल्यावर हा फरक माझ्यासारख्या अनभिज्ञालाही जाणवला. समीकरणाला एक खूणनाव देऊन ठेवले की क्रमांकांची काळजी उरत नाही, मात्र त्यासाठी फाइल दोनदा चालवावी लागते. पहिल्या फेरीत क्रमांकाच्या जागी दोन प्रश्नचिन्हे दिसतात, त्यांनी घाबरून जाऊ नये.

घाबरावे ते टक्क्याच्या चिन्हाला. लाटेकमध्ये या चिन्हापासून ओळीच्या शेवटापर्यंतचा मजकूर लेखकाची खासगी टीप समजून गाळला जातो. 'ओलावा ८०% वरून १०% पर्यंत आला' असे मी लिहिले आणि छापून आले ते केवळ 'ओलावा ८०'. माझा संपूर्ण परिच्छेद एकाच ओळीत टंकलेला असल्याने पुढची सात वाक्येही गेली, आणि चूक झाल्याची सूचना कोठेही नव्हती. चिन्हाच्या आधी उलटी तिरकी रेघ दिली की प्रश्न सुटतो. याउलट, महिरपी कंस बंद करायचा राहिला तर सूचना मिळते खरी, पण पुष्कळदा ती मूळ चुकीच्या कित्येक ओळी पुढची जागा दाखवते. नवशिक्यासाठी हा या सॉफ्टवेअरचा सर्वांत मोठा दोष आहे, असे माझे मत झाले आहे. दर चार-पाच ओळींनी फाइल चालवून पाहणे, एवढाच उपाय मला लागू पडला.

फाइल चालवणारे प्रोग्रॅम एकाहून अधिक आहेत. मराठी सारांशासाठी त्यांपैकी नेहमीचे पीडीएफ-लाटेक न वापरता झी-लाटेक (XeLaTeX) निवडावे आणि देवनागरीचा युनिकोड (अक्षरांच्या सर्वमान्य संगणकीय संकेतांचा) फाँट नावानिशी सांगावा. जोडाक्षरे नीट उमटतात. परंतु टंकलेखनाच्या दुकानातून सारांश करून घेतला असेल आणि तो जुन्या, युनिकोडपूर्व फाँटात असेल, तर आधी त्याचे रूपांतर करावे लागते, आणि त्यानंतर रफार व वेलांट्या एकेक करून तपासाव्या लागतात. माझ्या दीड पानाला त्यात एक संपूर्ण दुपार लागली.