आठ महिने एकाच आयडीईवर: मायक्रोकंट्रोलरच्या सॉफ्टवेअरचा वापरानंतरचा अनुभव

भोसरी एमआयडीसीतल्या एका छोट्या युनिटमध्ये मी फर्मवेअर, म्हणजे चिपमध्ये बसणारा प्रोग्रॅम, लिहितो. शेतीपंपाच्या थ्री-फेज स्टार्टरमध्ये बसणारा कंट्रोल बोर्ड आम्ही बनवतो. फेज गेली, व्होल्टेज पडलं किंवा विहिरीतलं पाणी संपून पंप कोरडा फिरायला लागला, की मोटर बंद करायची, एवढंच त्याचं काम. गेल्या पावसाळ्यात जुना ८ बिटी कंट्रोलर सोडून आम्ही ३२ बिटी कॉर्टेक्स-एम० प्लसवर आलो आणि चिपवाल्या कंपनीचंच फुकट मिळणारं आयडीई घेतलं. आयडीई म्हणजे कोड लिहिणं, त्यावरून चिपमध्ये भरायची फाइल बनवणं (बिल्ड) आणि चुका शोधणं (डीबग) एकाच जागी करून देणारं सॉफ्टवेअर. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण यातल्या बऱ्याच तक्रारी दुसऱ्या कंपन्यांची आयडीई वापरणाऱ्या मित्रांकडूनही मी ऐकल्या आहेत.

आधी चांगलं सांगतो. क्लॉकची मांडणी दाखवणारा स्क्रीन फार उपयोगी आहे. कुठला ऑसिलेटर, कितीने भागला, टायमरला शेवटी किती मेगाहर्ट्झ मिळाले, हे डोळ्यांसमोर दिसतं. नाहीतर त्यासाठी रेफरन्स मॅन्युअलची पानं पालथी घालावी लागतात. एकाच पिनवर दोन कामं टाकली तर लगेच लाल खूण येते. डीबग करताना पेरिफेरलचा प्रत्येक रजिस्टर बिटासकट उघडून बघता येतो. पहिले दोन महिने मी खूश होतो.

त्रास सुरू झाला कोड जनरेटरपासून. पिना ठरवल्या की हा जनरेटर सुरुवातीचा सगळा सी कोड लिहून देतो. त्यात ठिकठिकाणी कॉमेंटच्या खुणा असतात. त्या खुणांच्या आत लिहिलेलं तो राखतो, बाहेरचं पुसतो. न विचारता पुसतो. वॉचडॉग (प्रोग्रॅम अडकला तर चिप रीसेट करणारा टायमर) सुरू करायची ओळ माझ्याकडून खुणेच्या एक ओळ खाली लिहिली गेली होती. पुढे एका एलईडीची पिन बदलली, कोड पुन्हा जनरेट केला आणि ती ओळ गेली. कोडमधले बदल नोंदवणाऱ्या गिटमध्ये फरक दिसायला हवा होता, आणि तो होताही. पण त्याच वेळी आयडीईने ड्रायव्हर लायब्ररीची नवी आवृत्ती आणून टाकली होती. साठएक फाइली बदललेल्या, त्यात पुसलेली एक ओळ. मी ती पाहिली नाही, सरांनीही पाहिली नाही. बेंचवर बोर्ड व्यवस्थित चालला.

मग मार्चमध्ये शिरूर तालुक्यातून फोन आला. "साहेब, पाणी संपलंय, मोटर चालूच हाय. बटण दाबलं तरी बंद होईना." मी म्हटलं, "काका, आधी मेन स्विच पाडा, बाकीचं नंतर बोलू." त्यांनी पाडला. मोटर वाचली, पण पंपाचं सील गेलं. बोर्ड परत आणून बेंचवर लावला आणि कॉन्टॅक्टर (मोटरला वीज देणारा मोठा रिले) सारखा चालू-बंद करत बसलो. चाळीसेक वेळा झाल्यावर बोर्ड गोठला. कॉइलच्या स्पाइकने प्रोग्रॅम अडकला होता आणि रिले ओढलेलाच राहिला होता. वॉचडॉग असता तर ठरलेल्या वेळात टायमर पुन्हा भरला गेला नाही म्हणून त्याने चिप रीसेट केली असती. रीसेटमध्ये पिना इनपुट होतात, रिले सुटतो, मोटर थांबते. तो वॉचडॉग आम्ही नेमका याच प्रसंगासाठी घेतला होता. खुणेबाहेर लिहिणं ही माझी चूक, ती मान्यच आहे. पण माणसाने हाताने लिहिलेली ओळ पुसण्याआधी सॉफ्टवेअरने एकदा विचारायला नको का? या एका गोष्टीचा मला अजून राग येतो.

डीबगरची गोष्ट वेगळी. चिप आणि डीबगर जोडणाऱ्या एसडब्ल्यूडीला दोन वायरी आणि ग्राउंड, इतकं साधं आहे. तरी आठवड्यातून एकदा तरी "टार्गेट सापडत नाही" हे वाक्य येतं. कारण काहीही असू शकतं: वायर ढिली असेल, चिप लो-पॉवर मोडमध्ये झोपलेली असेल, किंवा एसडब्ल्यूडीचीच पिन कोडमध्ये दुसऱ्या कामाला लावलेली असेल. तिन्हीला संदेश एकच. शेवटी रीसेटची तार जोडून, रीसेट दाबलेल्या स्थितीत कनेक्ट करायचा पर्याय निवडला की बहुतेक वेळा जमतं. हा पर्याय सेटिंगच्या तिसऱ्या पायरीवर आहे. एम० प्लसमध्ये हार्डवेअर ब्रेकपॉइंट (प्रोग्रॅम ठरलेल्या ओळीवर थांबवायच्या खुणा) जास्तीत जास्त चारच असतात, आणि पुढच्या ओळीवर जाताना डीबगरला स्वतःलाही त्यातला एखादा लागतो. ते संपले की आयडीई तसं सांगत नाही, नुसती एरर देतं. आमच्या नव्या मुलीचा अख्खा दिवस यात गेला. तिला वाटलं, प्रोब (डीबगरचं उपकरण) बिघडला.

प्रोजेक्ट दुसऱ्या मशीनवर उघडणं हाही ताप. आमचं आयडीई एक्लिप्स या खुल्या आयडीईवर उभं आहे. अर्धी सेटिंग्ज प्रोजेक्टमध्ये, अर्धी वर्कस्पेसमध्ये, आणि त्यात माझ्या फोल्डरचे पूर्ण पाथ. त्या नव्या मुलीच्या विंडोजच्या युजरनेममध्ये स्पेस होती. बिल्ड चालवणाऱ्या मेक या प्रोग्रॅमला पाथमधली स्पेस झेपत नाही, आणि एरर आली ती फाइल न सापडल्याची. एकाच सोर्समधून तिची हेक्स फाइल (चिपमध्ये भरायची फाइल) आणि माझी हेक्स फाइल वेगळी निघायची. फील्डमधून परत आलेल्या बोर्डात नेमकं काय भरलंय हे अशाने ठरवता येत नाही, आणि आमच्या धंद्यात याहून वाईट काही नाही.

म्हणून एप्रिलमध्ये बिल्ड आयडीईच्या बाहेर काढला. स्वतःची मेकफाइल लिहिली, जीसीसी कंपायलरची एक ठरावीक आवृत्ती घेतली, डीबगसाठी जीडीबी आणि ओपनओसीडी. हे ओपनओसीडी मुळात २००५ साली डॉमिनिक राथ नावाच्या विद्यार्थ्याने जर्मनीत आउग्सबर्गला आपल्या प्रबंधासाठी लिहिलं. चिप का सापडत नाही याची त्याची नोंद आमच्या आयडीईपेक्षा स्पष्ट असते. मेकफाइल चालायला तीन दिवस लागले, त्यातला एक लिंकर स्क्रिप्ट (कोड चिपच्या मेमरीत कुठे बसेल हे सांगणारी फाइल) समजून घेण्यात गेला. कोडमध्ये बिल्डची तारीख आपोआप टाकणारा मॅक्रो होता, तो काढल्यावर दोन्ही मशीनवरच्या हेक्सचा चेकसम (फाइलमधल्या मजकुरावरून काढलेला आकडा) जुळला. त्या दिवशी गुरुवार होता, एमआयडीसीची सुट्टी, युनिटमध्ये आम्ही दोघंच. ते दोन आकडे सारखे बघून जे समाधान वाटलं ते या आयडीईने आठ महिन्यांत दिलं नाही.

आयडीई काढून टाकलेलं नाही. पिना आणि क्लॉक ठरवायला अजून तेच उघडतो. पण जनरेट झालेला कोड वेगळ्या फोल्डरमध्ये जातो, तिथून हवं तेवढंच हाताने उचलतो. आपोआप अपडेट बंद केलंय. नव्याने सुरू करणाऱ्याने पहिल्या बोर्डसाठी हे आयडीई जरूर वापरावं, शिकायला चांगलं आहे. पण ज्या बोर्डावर कुणाची मोटर चालणार आहे, त्याचा बिल्ड पहिल्या महिन्यातच बाहेर काढा, आणि प्रत्येक जनरेटनंतर मुख्य फाइलचा फरक ओळ न ओळ वाचा. आता आमचा प्रत्येक बोर्ड पॅक होण्याआधी टेस्ट जिगवर मुद्दाम गोठवला जातो. रिले सुटल्याचा आवाज ऐकल्याशिवाय त्यावर स्टिकर लागत नाही. शिरूरच्या काकांना सील आणि नवा बोर्ड आम्ही आमच्या खर्चाने बसवून दिला.