एस्टोनिया, नऊ महिन्यांनंतर (आणि गाडीची एक काच)

सप्टेंबरात ह्यांच्या नोकरीपायी टॅलिनला आलो. महिन्याभरातच मी या देशाला पाचपैकी पाच तारे देऊन मोकळी होणार होते, तेवढ्यात काच फुटली आणि पाचाचे तीन झाले.

फुटली म्हणजे तांदळाएवढा टवका उडाला. सारेमा बेटावर खडीचा रस्ता, समोरून लाकडाचा ट्रक, टक्क. भाड्याची गाडी परत करताना काउंटरवरच्या मुलीने मोबाइलचा टॉर्च लावून तो टवका हुडकून काढला आणि अनामतीतून २८० युरो कापले. काच आणि टायर विम्यात येत नाहीत, असं कराराच्या नवव्या पानावर होतं म्हणे. ह्यांनी पहिलंही वाचलं नव्हतं. २००५ पासून जिथे लोक घरबसल्या ऑनलाइन मत देतात, तिथे माझ्या मेलला उत्तर यायला अकरा दिवस लागले. उत्तर काय, तर ‘आपला मेल मिळाला.’

आणि गाडी घेतली कशासाठी, तर काली बघायला. नाव ऐकूनच ह्यांनी हात जोडले होते. उल्केने पडलेलं विवर, व्यास ११० मीटर. लोणारचं १.८ किलोमीटरचं विवर बघितलेल्या माणसाला हे गावातलं डबकंच वाटणार. तसं मी तिथे मोठ्याने बोललेही. मग कळलं, ही उल्का पडली तेव्हा बेटावर माणसं राहत होती. म्हणजे कुणीतरी ते आकाशातून येताना पाहिलं असणार. दुसरी फेरी गुपचूप मारली.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी निसर्गाचं नाव काढू नका. डिसेंबरात दुपारी साडेतीनच्या आत सूर्य बुडतो, आणि अंधारात चालताना कोटाला चमकणारी पट्टी लटकवावी लागते, कायदाच आहे. या दिवसांत इतिहास उरकून घ्यावा. १९७२ साली उघडलेल्या हॉटेल विरूच्या लिफ्टमध्ये बटणं २२ मजल्यांपर्यंतच होती. केजीबी म्हणजे सोव्हिएत गुप्तहेर खातं, त्यांची चोरून ऐकण्याची यंत्रं २३ व्या मजल्यावर. तिथे आता संग्रहालय आहे, बघाच. पण मनात राहिलं ते मारियामॅएचं स्मारक. सोव्हिएत राजवटीत बळी गेलेल्या बावीस हजारांवर माणसांची नावं काळ्या भिंतींवर आहेत. एकच आडनाव खाली खाली चार-पाच वेळा येतं, तिथे बोट थांबतं. पुढे बाग आहे, तिच्या भिंतीवर धातूच्या मधमाश्या. तिकीट नाही.

इथवर लिहून ठेवलं होतं, तर परवा मेल आला: ‘सदिच्छेपोटी’ १४० युरो परत. सात महिने आणि तेवीस मेल. सदिच्छा कसली, कंटाळले असतील. तरी तीनाचे चार तारे करते.

आता मुख्य सल्ला, जो मला कुणी दिला नाही: टॅलिनजवळचं बघायला गाडी घेऊच नका. विरू दलदलीला नार्वाच्या रस्त्याने जाणारी बस तासाभरात सोडते, ‘लोक्सा तेए’ थांब्यावर उतरून थोडं चालायचं. २८० युरोत अशा किती फेऱ्या झाल्या असत्या, हा हिशेब मी बसमध्येच केला. सांगत नाही, पुन्हा डोकं फिरेल.

ही दलदल लाहेमा राष्ट्रीय उद्यानात आहे. १९७१ चं, अख्ख्या सोव्हिएत संघातलं पहिलं. फळ्यांची पायवाट, दोन्हीकडे ओल्या गादीसारखं शेवाळ, मध्ये बिनदुधाच्या चहाच्या रंगाची तळी. पीट, म्हणजे अर्धवट कुजलेल्या शेवाळाचा थर, वर्षाला साधारण एक मिलिमीटर वाढतं, म्हणजे माझ्या गुडघ्याएवढ्या थराला पाचशे वर्षं. वाकून बघितलं तर ड्रोसेरा, किडे खाणारी वनस्पती! लाल केसांवर चिकट थेंब, कासच्या पठारावर असते तिचीच बहीण. कासला शिट्टी वाजवणारा रखवालदार लागतो. इथे कोणीच नव्हतं आणि फळीवरून कोणी पाय खाली टाकत नव्हतं.

शेवटचा फायदा आमच्यासारख्यांसाठी. इथल्या सरकारी वनखात्याच्या, म्हणजे आरएमकेच्या, शेकोटीच्या जागा फुकट असतात आणि काही ठिकाणी सरपणही ठेवलेलं असतं. कोरड्या दिवसांत आगीवर बंदी असते, तेवढं बघून जायचं. मागच्या रविवारी आम्ही सरकारी लाकडावर वांगं भाजलं. बर्चची साल कागदासारखी भुरकन पेटते, रॉकेल लागत नाही. भरिताला त्या धुराचा वेगळाच वास आला. ह्यांना आवडला नाही. मी दोन्ही वाटे संपवले.