द फॅमिली स्टोन: होणारी सून ख्रिसमसला घरी येते तेव्हा

२००५ चा पिक्चर आहे, परवा परत बघितला. पहिल्यांदा बघितला तेव्हा मेरेडिथ जाम डोक्यात गेली होती, ह्यावेळी मात्र मी पूर्ण तिच्या बाजूने. म्हणजे बघा, एव्हरेट तिला ख्रिसमसला घरी घेऊन येतो, आजीची अंगठी घालून मागणी घालायचा बेत, आणि घरचे लोक काय करतात तर ती दारात पोचायच्या आधीच निकाल लावून मोकळे. धाकटी नणंद एमी (रेचल मॅकॅडम्स) तर तिच्या घसा खाकरण्याची नक्कल करून आधीच सगळ्यांना हसवून बसलेली असते. आणि हेच लोक स्वतःला एकदम मोकळ्या विचारांचे समजतात हं!

सेरा जेसिका पार्करने ती अवघडलेली बाई काय केलीये, घट्ट बांधलेला अंबाडा, ताठ मान, आणि गप्प बसायचं तेव्हा हमखास तोंड उघडणार. जेवणाच्या टेबलवरचा सीन तर बघवत नाही. एव्हरेटचा भाऊ थॅड ऐकू न येणारा, गे, पार्टनरबरोबर मूल दत्तक घ्यायच्या विचारात, आणि ही त्याच्यासमोरच बोलते की मूल गे व्हावं असं कुठल्या आईबापाला वाटेल. बोलते ते चूकच, पण सावरायला जाते आणि अजूनच खोलात रुतते, आणि एकही माणूस तिला हात देत नाही. मी पॉज करून पाणी पिऊन आले.

डायन कीटनबद्दल काय लिहू, अंगठी द्यायला नाही म्हणणारी खडूस आई वाटते, मग कळतं की कॅन्सर परत आलाय, आणि आधीचे तिचे सगळे टोमणे वेगळेच ऐकू यायला लागतात.

सेकंड हाफ मात्र गंडलाय. मेरेडिथची बहीण ज्युली बसमधून उतरताना पडते काय, एव्हरेट तिच्यावर फिदा होतो काय, इकडे मेरेडिथ त्याच्या दुसऱ्या भावाकडे, हे सगळं एक-दोन दिवसात! आणि एव्हरेटचं म्हणाल तर अख्ख्या पिक्चरमध्ये हा माणूस लाकडासारखा उभा, जिला घेऊन आला तिच्यासाठी एक वाक्य धड बोलत नाही.

किचनमधली सांडासांड मस्त जमलीये. पण मेरेडिथ सगळ्यांना एकच गिफ्ट देते, एमी पोटात असतानाचा आईचा ब्लॅक अँड व्हाइट फोटो, फ्रेम करून, तिथे कॅमेरा एमीच्या चेहऱ्यावर जातो ना, तेवढ्यासाठी तरी बघाच.