मॉन्स्टर मॅन्युअल : लढण्यापेक्षा बोलणाऱ्या खेळाडूंसाठी कितपत उपयोगी?

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या भूमिका घेऊन खेळायच्या कल्पनारम्य खेळाच्या पाचव्या आवृत्तीसाठी २०१४ साली निघालेले 'मॉन्स्टर मॅन्युअल' हे खेळातील जीवांची माहिती देणारे ३५२ पानी पुस्तक आमच्या दादरच्या गटात नेहमी डीएमच्या (खेळ चालवणाऱ्या सूत्रधाराच्या) हाताशी असते. या पुस्तकाची चर्चा बहुधा कोणता ड्रॅगन किती घातक आहे, याभोवतीच फिरते. आमच्याकडे मात्र एका खेळाडूने ड्रुइडची (निसर्गाशी जोडलेल्या मांत्रिकाची) भूमिका घेतल्यापासून तलवारीपेक्षा 'स्पीक विथ अ‍ॅनिमल्स' हा प्राण्यांशी बोलण्याचा मंत्रच अधिक चालतो. त्यामुळे ज्या जनावराला मारायचे नसून ज्याच्याकडून माहिती काढायची आहे, त्याच्याविषयी हे पुस्तक काय सांगते, या कसोटीवर मी ते तपासले.

हा मंत्र पहिल्या पातळीचा असून त्याचा प्रभाव दहा मिनिटे टिकतो आणि तो फक्त 'बीस्ट' (पशू-पक्षी) या प्रकारातील जीवांपुरता चालतो. पुस्तकाने सर्व जीवांची विभागणी १४ प्रकारांत केली आहे आणि प्रत्येक जीवाच्या नावाखालीच त्याचा प्रकार छापलेला असल्याने बोलता येईल की नाही, हे चटकन कळते. अर्धे घुबड आणि अर्धे अस्वल असलेले आउलबेअर 'मॉन्स्ट्रॉसिटी'त (अनैसर्गिक जीवांत) मोडते, म्हणून मंत्र तेथे वाया जातो. वाघाचे तोंड आणि उलटे तळहात असलेला राक्षसही यात आहे (रावण-कुंभकर्णाच्या गोष्टींवर वाढलेल्यांना तो परकाच वाटेल). तो 'फीन्ड' (दुष्ट सैतानी जीव) असल्यामुळे वाघाशी बोलण्याचा मंत्र त्याच्यापुढे निरुपयोगी ठरतो.

आराकोक्रापासून झोंबीपर्यंतच्या मुख्य भागात चित्रे, राहणीमान, स्वभाव असा भरपूर मजकूर आहे आणि तो वाचनीयही आहे. साध्या प्राण्यांच्या वाट्याला मात्र मुख्य भागानंतरचे परिशिष्ट आले आहे. उंदीर, मांजर, कावळा, बिबट्या यांना आकड्यांची एक चौकट मिळते आणि बहुतेकांच्या बाबतीत वर्णन तेथेच संपते. बिबट्याचा मेळ ज्याच्याशी बसतो त्या 'पँथर'चे १३ हिट पॉइंट (मार सोसण्याची क्षमता), तीक्ष्ण घ्राणेंद्रिय आणि झेप एवढे कळते. तो माणसाच्या वस्तीजवळ कसा वावरतो, कशाला बिचकतो, याविषयी एक ओळही नाही. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाला लागून राहणाऱ्यांना तर हे वर्णन फारच तोकडे वाटेल.

तरीही या चौकटीत एक जागा अशी आहे, जिच्यामुळे संवाद जिवंत होतो, आणि ती म्हणजे ज्ञानेंद्रियांची नोंद. उंदराची बुद्धिमत्ता २ आहे, पण त्याच्या नोंदीत 'कीन स्मेल' (तीक्ष्ण घ्राणेंद्रिय) लिहिलेले आहे. मंत्राच्या नियमानुसार प्राणी निदान आसपासच्या जागा आणि गेल्या दिवसभरात त्याला जाणवलेल्या गोष्टी सांगू शकतो. आमच्या खेळातील धक्क्यावर 'काल रात्री येथून कोण गेले?' असे विचारल्यावर डीएमने उंदराच्या तोंडून माणसाचे वर्णन न करता ओले चामडे, सुक्या बोंबलाचा वास आणि त्यामागून आलेला गंजलेल्या लोखंडाचा वास एवढेच सांगितले. त्यावरून चोर ओळखायला आम्हाला तासभर लागला आणि त्या दिवशी कोणाला लढाईची आठवणही झाली नाही. कावळ्याच्या कुळातील 'रेव्हन'ला दिलेली कुजबुज किंवा बाळाच्या रडण्याची नक्कल करण्याची क्षमताही अशीच कामाची आहे. एवढ्या त्रोटक नोंदींतून इतके काढता येते, तर आणखी दोन-दोन ओळी लिहिल्या असत्या तर काय झाले असते, असे मात्र राहून राहून वाटते.

२०२५ साली आलेल्या सुधारित पुस्तकातही प्राणी परिशिष्टातच आहेत. शिवाय २०१४च्या पुस्तकात महागरुड 'बीस्ट' होता, त्याची बुद्धिमत्ता ८ होती आणि त्याला स्वतःची भाषा होती. नव्या पुस्तकात तो 'सेलेस्टियल' (दैवी जीव) झाल्यामुळे या मंत्राच्या कक्षेबाहेर गेला आहे. महाघुबडाचेही तेच झाले. हा बदल मला पटलेला नाही. ज्यांच्या गटात ड्रुइड किंवा रेंजर (रानावनात वावरणारा योद्धा) आहे आणि ज्यांच्याकडे जुनी प्रत आहे, त्यांनी केवळ प्राण्यांसाठी नवे पुस्तक विकत घेण्याची घाई करू नये.