एको टेक्निशियनचा डिप्लोमा: नऊ महिन्यांनंतर

प्रवेश घेतला तेव्हा आईने शेजारणीला सांगितलं, "पोर सोनोग्राफी शिकते." तेव्हापासून वाड्यावरची कुणी ना कुणी बाई हळूच बाळाचं विचारते. बाळाबिळाशी आमचा संबंध नाही, एको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, आम्ही हृदय आणि रक्तवाहिन्या बघतो. तरी 'येथे लिंगनिदान केले जात नाही' ही पाटी आमच्याही दारावर असते, कारण 1994 च्या कायद्याखाली एको मशीनचीही नोंदणी लागते.

कोर्स दोन वर्षांचा. संस्थेचं नाव लिहीत नाही. गोव्यात डिचोलीहून पणजीला कदंबाच्या बसने रोजचं जाणं-येणं, पावसात त्याचे जे हाल होतात ते होतात.

थिअरी चांगली शिकवली, हे कबूल करायलाच हवं. ध्वनिलहरींची फ्रिक्वेन्सी वाढवली की चित्र रेखीव येतं पण लहरी खोलवर पोचत नाहीत, म्हणून मानेच्या रक्तवाहिनीला एक प्रोब (मशीनचा अंगावर टेकवायचा भाग) आणि हृदयाला दुसरा, हे फिजिक्सच्या सरांनी असं डोक्यात बसवलं की परीक्षेत अडलं नाही.

घोडं अडलं ते हाताशी. माहितीपत्रकात 'पहिल्या दिवसापासून प्रॅक्टिकल' होतं. प्रत्यक्षात चोवीस जणांत एक मशीन, आणि पहिले चार महिने आम्ही एकमेकांवरच सराव केला. विशीतल्या सडपातळ पोराला डाव्या कुशीवर वळवलं की चारही कप्पे आपसूक समोर येतात. आपल्याला जमतंय असं वाटायला लागतं. मग पाचव्या महिन्यात हॉस्पिटलला पाठवलं आणि पहिलाच पेशंट मिळाला तो जन्मभर विडी ओढलेला. फुप्फुसं फुगून हृदयावर आलेली, बरगड्यांमधून नुसतं धुकं. तिथे शिकवणाऱ्या मॅडमनी त्यांना उताणं झोपवलं, गुडघे वाकवायला सांगितले म्हणजे पोट सैल पडतं, आणि प्रोब बरगड्यांखाली लावला. तिथून दिसलं. पुस्तकात हे आहे, दोन ओळींत.

खरा धडा गणेशचवथीनंतरचा. एका काकांची महाधमनीची झडप आखडलेली होती. हृदयाच्या टोकाकडून मी डॉपलर, म्हणजे रक्ताच्या धारेचा वेग मोजणारी सोय, लावला, वेग आला सेकंदाला 3.2 मीटर. वेगाचा वर्ग गुणिले चार, म्हणजे झडपेच्या दोन बाजूंच्या दाबात सुमारे 41 मिलिमीटर पाऱ्याचा फरक. 'मॉडरेट' म्हणून मी मोकळी. मॅडमनी काकांना उजव्या कुशीवर घेतलं, पेन्सिलीसारखा बारका प्रोब छातीच्या मधल्या हाडाच्या उजवीकडे टेकवला आणि मनगट इतकं हळू फिरवत गेल्या की हलतंय हेही कळेना. कानावर येणारा आवाज घोगऱ्याचा चिरका झाला. 4.3. म्हणजे 74. वेग चारच्या पुढे गेला की 'सिव्हिअर'. झडप तीच, माणूस तोच. माझा बीम, म्हणजे प्रोबमधून निघणारा लहरींचा झोत, रक्ताच्या धारेला तिरका होता, आणि तिरक्या बीमला वेग कमीच दिसतो. रिपोर्टवर सही कार्डिओलॉजिस्टची असते, पण त्यांच्यासमोर जातो तो आकडा आपण काढलेला. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

परदेशातल्या नोकरीचं गाजर आमच्याकडेही दाखवलं होतं. गोव्यात ते लगेच खपतं, घरटी कुणीतरी आखातात नाहीतर बोटीवर असतोच. अमेरिकेत एको करायचं तर एआरडीएमएस या तिथल्या प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेची फिजिक्सची परीक्षा वेगळी आणि अडल्ट एकोची वेगळी, शिवाय त्यांना बसायच्या अटी आणखी वेगळ्या. आमचा डिप्लोमा तिथे दाखवून खुर्ची मिळत नाही. हे मला सहाव्या महिन्यात कळलं, तेही सीनियरकडून.

खांद्याचं कुणीच सांगत नाही. पेशंटच्या अंगावरून हात पलीकडे टाकून वीस-पंचवीस मिनिटं प्रोब दाबून धरायचा, असे सकाळभर पाच-सहा. मॅडम पेशंटला पलंगाच्या अगदी कडेला ओढून घेतात आणि खुर्ची उंच करतात. आमच्या वर्गात एकाच उंचीचं स्टूल.

म्हणून कुणी विचारलंच तर मी फी किंवा बिल्डिंग बघायला सांगत नाही. थेट विचारा: मशीन किती, पेशंट कुठल्या हॉस्पिटलचे, आणि आठवड्याला प्रोब माझ्या हातात किती तास? 'भरपूर' असं उत्तर आलं तर सध्याच्या मुलांची लॉगबुकं मागा. माझ्या लॉगबुकात आज 61 केसेस आहेत. त्यातल्या चाळीसमध्ये मी बाजूला उभी राहून जेल पुसत होते.