‘ऑफलाइन पण चालतंय की’ म्हणणारा सॉफ्टवेअरवाला

बेळगाव, खानापूर, निपाणी पट्ट्यात आरओ, इन्व्हर्टर, एसी नाहीतर बोअरच्या मोटरी दुरुस्तीचा धंदा असलेल्यांनी हे जरूर वाचावं. दुरुस्तीचा कॉल कुणाला द्यायचा, पोरगा कुठं पोचला, सही घेतली का, सगळं मोबाइलवर दिसेल असं ॲप विकणारे सध्या दुकानोदुकानी फिरताहेत. सगळेच लबाड नसतात. आमची गाठ पडली ती मात्र पक्क्या लबाडाशी.

आमचं काम आरओ आणि इन्व्हर्टरच्या एएमसीचं, म्हणजे वर्षाच्या देखभाल कराराचं. पोरं इकडं जांबोटी-कणकुंबीपर्यंत जातात, तिकडं चिकोडीपर्यंत. हा गृहस्थ कोल्हापूरहून आलो म्हणाला. इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणं. चहा नको नको म्हणत दोनदा घेतला. कणकुंबीच्या रानात रेंज नसते, हे मी त्याला सुरुवातीलाच सांगितलं. "ऑफलाइन पण चालतंय की मालक! हे बघा, डेटा बंद करून दाखवतो." त्यानं मोबाइल डेटा बंद केला, कॉल उघडला, फिल्टरचा फोटो काढला, बोटानं सही केली. हिरवी खूण आली आणि त्याच क्षणी माझ्या कॉम्प्युटरवर कॉल बंद झालेला दिसला.

नेट खरंच बंद असतं तर कॉम्प्युटरवर लगेच दिसलं असतं कसं? त्याच्या फोनचं वाय-फाय आमच्याच राउटरला जोडलेलं होतं. पासवर्ड त्यानं चहा पितापिता काउंटरवरच्या मुलीकडून मागून घेतला होता.

नऊ जणांचे माणशी महिना 450 रुपये, वर्षाचे आगाऊ 48,600, वर 18 टक्के जीएसटी, एकूण 57,348. शिवाय गिऱ्हाइकांना मेसेज पाठवायच्या ‘रिचार्ज’साठी यूपीआय ऑटोपेला, म्हणजे खात्यातून आपोआप पैसे कापायला, मंजुरी घेतली. ‘दरमहा शेदोनशे जातील’ असं तोंडी सांगितलं, पण मँडेटमध्ये, म्हणजे त्या मंजुरीत, कमाल रक्कम टाकली 15,000.

पावसाळा लागला आणि रंग दिसू लागले. जांबोटीकडचा पोरगा काम करून यायचा, "सही घेतलीय की ओ मालक, हिरवं पण झालंय" म्हणायचा आणि माझ्याकडं कॉल पेंडिंगच. खानापुरात रेंज आली की ॲप लॉगआउट व्हायचं, आणि रानात भरलेलं सगळं साफ. फोटो नाही, सही नाही, रोख घेतलेल्या पैशाची नोंदही नाही. प्रामाणिक पोरावर बालंट यायची वेळ आली. गिऱ्हाइकानंच फोन करून पैसे दिल्याचं सांगितलं म्हणून तो वाचला. तिकडं चिकोडी भागात दूधगंगेवरचे बुटके बंधारे पावसाळ्यात पाण्याखाली जातात, पण ॲप सरळ रेषेत अंतर मोजून नदीपलीकडचा कॉल अलीकडच्या पोराला द्यायचं. त्याचं मला एवढं काही वाटलं नाही. रस्ते न कळणं हा अडाणीपणा झाला. हिरवी खूण ही मात्र शुद्ध फसवणूक होती.

तक्रार केली तर म्हणाला, तुमचे फोन जुने आहेत. नवे फोन घेतले, तरी तेच. मग एके दिवशी खात्यातून 14,160 रुपये गेले, ‘मॉड्यूल अपग्रेड’च्या नावाखाली. ऑटोपेत पैसे कापण्याआधी किमान 24 तास सूचना येते, ती आलीही होती. पण दिवसभरात शंभर मेसेज येणाऱ्या फोनवर ती कोण बघतो? मँडेट आपल्याच यूपीआय ॲपमधून रद्द करता येतं. ते लगेच केलं.

खरी मेख काढली आमच्या अकाउंटंटनं. इनपुट क्रेडिटसाठी, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट घ्यायला, पोर्टलवरचं टू-बी हे खरेदी बिलांचं पत्रक बघताना त्याला हे बिल कुठंच सापडेना. बिल हातात घेतलं तर विकणाऱ्याचा जीएसटी नंबर 27 ने सुरू होणारा, म्हणजे महाराष्ट्राचा. आमचा 29 ने, कर्नाटकाचा. अशा दोन राज्यांतल्या व्यवहाराला आयजीएसटी लागतो. यानं लावला होता एकाच राज्यातल्या व्यवहाराचा, 9 टक्के सीजीएसटी आणि 9 टक्के एसजीएसटी. सरकारी पोर्टलवर नंबर टाकला तर नोंदणी केव्हाच रद्द झालेली. करापोटी घेतलेले 8,748 सरळ त्याच्या खिशात.

पैशाचं दुःख आहेच, पण जास्त झोंबलं ते पुढचं. आमची सगळी गिऱ्हाइकं, त्यांच्या एएमसीच्या तारखा, कुणाचा मेम्ब्रेन कधी बदलला, सगळं त्याच्या सर्व्हरवर. एक्सेलमध्ये काढून द्या म्हटलं तर "त्याचे वेगळे तीस हजार". नाही म्हटलं, तर दुसऱ्या दिवशी लॉगिन बंद आणि फोन स्विच ऑफ. मशीनवर आम्ही सर्व्हिसच्या तारखेचा स्टिकर लावतो म्हणून निभावलं. पोरं घरोघर जाऊन त्या स्टिकरांचे फोटो काढताहेत आणि वही पुन्हा भरली जातेय.

पोलिसांत गेलो तेव्हा ‘माणूस महाराष्ट्रातला, तिकडं जा’ असं ऐकावं लागलं. सीमाभागातल्या माणसाला हे नवीन नाही. पण 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार गुन्हा कुठंही घडलेला असो, दखलपात्र गुन्ह्याची खबर कुठल्याही ठाण्यात देता येते. वकिलानं ते कलम लिहून दिल्यावर अर्ज घेतला. ऑनलाइन पैसे गेले असतील तर 1930 या सायबर हेल्पलाइनवर तातडीनं फोन करा, उशीर झाला की रक्कम गोठवणं अवघड होतं.

ॲप घ्यायचंच असेल तर विकणाऱ्याला आपल्या पोरासोबत कणकुंबीला न्या. फोन एअरप्लेन मोडवर टाका, वाय-फायही बंद आहे ना ते स्वतः बघा, कॉल भरा, फोन बंद करून पुन्हा चालू करा आणि खानापुरात आल्यावर दुकानात काय पोचलं ते तपासा. पैसे द्यायच्या आधी सगळी माहिती एक्सेलमध्ये, फोटोंसकट, आपल्या हातानं उतरवून बघा. एक महिना दोनच पोरांवर चालवा. ‘ऑफर आजच संपते’ म्हणणाऱ्याला दारातूनच रामराम.

हाच माणूस आता वेगळ्या नावाचं ॲप घेऊन निपाणी आणि गडहिंग्लजकडं फिरतोय असं ओळखीच्या दोन दुकानदारांनी कळवलंय. कोटेशन आलं की जीएसटी नंबर पोर्टलवर टाकून बघा आणि बेळगाव-निपाणीकरांनो, 27 च्या नंबरवर एसजीएसटी लावलेला दिसला तर त्याला बसायला खुर्ची देऊ नका.